कांतू बास्केटबॉल : तुम्ही सारखे विचारता ते सगळे प्रश्न

मिलानमध्ये राहून बास्केटबॉल बघतो म्हटलं की लोक शहरातल्या ओलिंपिया मिलानो क्लबबद्दल विचारतात, आणि मी जवळच्या कांतू गावच्या क्लबबद्दल बोलायला लागतो. मग व्हॉट्सॲपवर, कमेंटमध्ये, मेलवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून इथे एकत्र केलेत. सोपे प्रश्न आधी आणि किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. कांतू नक्की कुठे आहे आणि केवढं आहे?

इटलीच्या उत्तर भागात, लोंबार्दी प्रांतात, कोमो जिल्ह्यात. मिलानच्या उत्तरेला, कोमोच्या अलीकडे. या पट्ट्याला ब्रियांझा म्हणतात. लोकवस्ती ४० हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या वाईएवढं गाव धरा. फर्निचर आणि हाताने विणलेली लेस यासाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेलं आहे. पुण्या-मुंबईहून मिलानला डिझाईन शिकायला आलेल्या मुलांना कांतू हे नाव बहुतेक वेळा फर्निचरमुळेच माहीत असतं, बास्केटबॉलचं कळलं की ती चकित होतात.

२. एवढ्याशा गावाच्या क्लबने खरंच युरोप जिंकलं? किती वेळा?

खरंच जिंकलं, आणि एकदा नाही. क्लबची स्थापना १९३६ची. युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, जिला आज युरोलीग म्हणतात आणि तेव्हा चॅम्पियन्स कप म्हणायचे, ती कांतूने १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. तिच्याखालच्या युरोपियन स्पर्धांपैकी कप विनर्स कप चार वेळा: १९७७, १९७८, १९७९, १९८१. कोराच कप चार वेळा: १९७३, १९७४, १९७५ आणि मग थेट १९९१. म्हणजे युरोपातल्या दहा ट्रॉफ्या, शिवाय १९७५ आणि १९८२चा इंटरकॉन्टिनेंटल कप.

आता सालं परत एकदा बघा. १९७३ ते १९८३ या अकरा वर्षांतली फक्त १९७६ आणि १९८० ही दोन सोडली तर दरवर्षी कुठला ना कुठला युरोपियन कप या गावात आलाय! लोक याला चमत्कार म्हणतात ते मला पटत नाही, चमत्कार एखाद्या वर्षी होतो, अकरा वर्षं चालते ती व्यवस्था असते. ती कशी उभी राहिली ते प्रश्न ४ मध्ये.

३. चॅम्पियन्स कप जिंकणारं सगळ्यात लहान गाव हेच का?

हो. विजेत्यांची यादी काढून बघा, माद्रिद, मॉस्को, तेल अवीव, मिलान, रोम, साराजेवो, झाग्रेब, स्प्लिट, बेलग्रेड, अथेन्स, बार्सिलोना अशी मोठमोठी शहरं. लहानांत वारेसे आहे, पण तेही कांतूच्या जवळपास दुप्पट, आणि १९९३ला जिंकलेलं फ्रान्सचं लिमोज तिपटीहून मोठं. कांतूच्या आसपासही कोणी नाही.

४. पण एवढे चांगले खेळाडू आले कुठून? पैसा कोणाचा होता?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसा स्थानिक उद्योगातून आणि स्पॉन्सरकडून यायचा. ब्रियांझात छोटे-मोठे कारखाने आणि वर्कशॉप पुष्कळ, मालक त्याच गावात राहणारे, आणि अध्यक्ष आल्दो आल्लिएवी यांनी वर्षानुवर्षं क्लब हातात धरून ठेवला. दरवर्षी नवा मालक, नवा कोच, नवी टीम असला प्रकारच नव्हता.

दुसरं म्हणजे कोच. १९६८ला कांतू पहिल्यांदा इटलीचं चॅम्पियन झालं तेव्हा कोच होते बोरिस्लाव स्टान्कोविच, युगोस्लावियाचे. हेच पुढे १९७६ ते २००२ फिबाचे, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचे, सेक्रेटरी जनरल झाले आणि एनबीएच्या, म्हणजे अमेरिकन व्यावसायिक लीगच्या, खेळाडूंना ऑलिम्पिकचं दार उघडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या माणसामुळे जगाला ड्रीम टीम (१९९२ची एनबीएच्या स्टार खेळाडूंची अमेरिकन ऑलिम्पिक टीम) बघायला मिळाली तो आधी कांतूच्या पोरांना खेळ शिकवत होता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यांच्यानंतर आर्नाल्दो ताउरिसानो यांनी १९७५ला दुसरी लीग जिंकून दिली.

तिसरं आणि माझ्या मते खरं कारण म्हणजे घरची पोरं. पिएर्लुइजी मार्झोराती १९५२चा, शेजारच्याच फिजिनो सेरेन्झाचा. पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा. खेळता खेळता सिव्हिल इंजिनिअर झाला म्हणून लोक त्याला उडता इंजिनिअर म्हणायचे. इटलीतली सगळी कारकीर्द एकाच क्लबमध्ये, १९६९च्या सुमारास सुरू करून १९९१पर्यंत! इटलीच्या टीमकडून १९८०चं ऑलिम्पिक रौप्य आणि १९८३चं युरोपियन सुवर्ण. आंतोनेल्लो रिवा १९६२चा, तोही ब्रियांझातलाच, रोवान्याते गावचा. टीनएजर असतानाच कांतूच्या मुख्य टीममध्ये आला आणि पुढे इटलीच्या राष्ट्रीय टीमसाठी सगळ्यात जास्त पॉइंट करणारा खेळाडू ठरला. कार्लो रेकालकाती मिलानचा, पण तरुणपणीच कांतूला आला, खेळाडू म्हणून १९६८ आणि १९७५ दोन्ही लीग जिंकला, नंतर इथेच कोच झाला, आणि २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये इटलीने रौप्य जिंकलं तेव्हा राष्ट्रीय कोच तोच होता.

आणि एक नियम लक्षात ठेवा, त्या काळात इटलीत टीममध्ये फक्त एक-दोन परदेशी खेळाडू चालायचे. मोठ्या शहराकडे कितीही पैसे असले तरी ते दोनपेक्षा जास्त अमेरिकन आणू शकत नव्हतं, बाकीची टीम इटालियन खेळाडूंचीच करायची, आणि इटालियन खेळाडू घडवण्यात कांतू कोणालाच हार जाणारं नव्हतं. १९९५च्या युरोपियन कोर्टाच्या बॉसमन निकालानंतर युरोपातल्या खेळाडूंवरची ही बंधनं सुटत गेली आणि लहान क्लबचा हा फायदा हातातून गेला. लोक नेहमी पैशाकडे बोट दाखवतात, मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

५. १९८२ची फायनल कशी झाली?

२५ मार्च १९८२, जर्मनीतलं कोलोन, समोर मक्काबी तेल अवीव. कांतू ८६, मक्काबी ८०. क्लबचं नाव तेव्हा स्क्विब कांतू (नावांचा गोंधळ प्रश्न ९ मध्ये), कोच वालेरिओ बियांकिनी, अमेरिकन खेळाडू ब्रूस फ्लॉवर्स आणि सी. जे. क्युपेक. मक्काबी आधीच दोनदा हा कप जिंकलेली टीम होती आणि कांतूची ही पहिलीच फायनल. बियांकिनी त्यानंतर रोमच्या क्लबकडे गेले आणि १९८४ला त्या क्लबलाही हाच कप जिंकून दिला.

६. १९८३ला इटलीच्याच दोन टीम फायनलला कशा? एका देशाची एकच टीम जायची ना?

बरोबर, नियम तसाच होता, प्रत्येक देशाचा लीग चॅम्पियन. पण आदल्या वर्षीच्या कपविजेत्याला वेगळी जागा असायची. १९८२ची इटालियन लीग मिलानोने जिंकली म्हणून मिलानो आत आली आणि कांतू कपविजेता म्हणून. पुढे सहा टीमचा एक ग्रुप, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक मॅच, पहिले दोन फायनलला. त्या ग्रुपमध्ये रिअल माद्रिद, मक्काबी, सीएसकेए मॉस्को आणि सिबोना होत्या. एवढ्यांना मागे टाकून वर आल्या त्या दोन्ही टीम एकाच प्रांतातल्या, तासाभराच्या अंतरावरच्या.

फायनल २४ मार्च १९८३ला फ्रान्समध्ये ग्रेनोबलला. मिलानोचे कोच डॅन पीटरसन, टीममध्ये माइक डॅन्टोनी आणि दीनो मेनेगीन. कांतूचे कोच जानकार्लो प्रीमो, जे आधी बरीच वर्षं राष्ट्रीय टीमचे कोच होते, आणि आत बास्केटजवळ दोघे धिप्पाड अमेरिकन, वॉलेस ब्रायंट आणि जिम ब्रूअर. ब्रूअर तर आदल्याच वर्षी लेकर्सबरोबर एनबीए जिंकून आलेला. कांतू ६९, मिलानो ६८. एका पॉइंटने!

७. ६९-६८? इतका कमी स्कोअर? तेव्हा लोक बास्केटमध्ये टाकत नव्हते का?

टाकत होते, नियम वेगळे होते. फिबाने थ्री-पॉइंट लाइन १९८४ला आणली, म्हणजे या फायनलमध्ये लांबून टाकलेल्या बॉललाही दोनच पॉइंट. शॉट क्लॉक, म्हणजे बॉल बास्केटकडे मारायची मुदत, २४ नाही, ३० सेकंदांचा. चार क्वार्टर नाहीत, २० मिनिटांचे दोन हाफ. रिवासारखा लांबून मारणारा खेळाडू आजच्या नियमांत खेळला असता तर त्याचे आकडे कुठे गेले असते याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

जाता जाता एक गोष्ट. कांतूने जिंकलेल्या कप विनर्स कपच्या फायनल बघा: १९७७ला रादनिच्की बेलग्रेडवर ८७-८६, १९७८ला बोलोन्यावर ८४-८२. त्यात १९८३ची ही मॅच धरली तर तीन युरोपियन कप मिळून चार पॉइंटच्या फरकाने आलेत. शेवटच्या मिनिटात डोकं शांत ठेवणारा गार्ड असला की काय होतं ते यातून दिसतं, आणि तिन्ही वेळा तो गार्ड मार्झोराती.

८. युरोपात दहा ट्रॉफ्या आणि इटलीची लीग फक्त तीनदा? असं कसं?

कारण घरातली स्पर्धाच जास्त अवघड होती. लीग १९६८, १९७५ आणि १९८१. त्या काळात इटलीत वारेसे, मिलानो, बोलोन्या अशा टीम. वारेसे तर १९७० ते १९७९ सलग दहा वर्षं चॅम्पियन्स कपच्या फायनलला होती आणि पाच जिंकली. वारेसेच्या पाच, मिलानोच्या तीन आणि कांतूच्या दोन, युरोपातले दहा सर्वोच्च कप या एवढ्याशा त्रिकोणात आलेत! वारेसे ते कांतू अंतर ४० किलोमीटरही नाही. त्यामुळे इथली डर्बी ही नुसती शेजाऱ्यांची भांडणं नाहीत, एकेकाळी इथे जिंकणं म्हणजे जवळपास युरोप जिंकणं होतं.

याला जोडूनच कोणीतरी हमखास विचारतं की इटालियन कप किती. एकही नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण १९७४नंतर ही स्पर्धा बंद होती आणि १९८४ला परत सुरू झाली, म्हणजे कांतूच्या सगळ्यात चांगल्या वर्षांत इटालियन कप खेळवलाच जात नव्हता. सुपर कप मात्र एक आहे, २००३चा.

९. फोर्स्ट, गाबेत्ती, स्क्विब, फोर्ड, क्लिअर, बेनेट… हे सगळे वेगवेगळे क्लब आहेत का?

नाही, सगळं कांतूच. इटलीत क्लबच्या नावाआधी स्पॉन्सरचं नाव लागतं आणि स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं. १९६८ला ओरान्सोदा, हे शीतपेय. मग फोर्स्ट, बिअर. गाबेत्ती, घरांची खरेदी-विक्री. स्क्विब, औषधं. फोर्ड, गाड्या. १९९१ला क्लिअर. २०११च्या आसपास बेनेट, सुपरमार्केट. अलीकडे सान बेर्नार्दो, पाणी. जुने स्कोअरकार्ड शोधताना गावाचं नाव बघा, पुढचं सोडून द्या. १९८२ आणि १९८३च्या ट्रॉफीवर दोन वेगळी नावं आहेत म्हणून दोन वेगळे क्लब धरणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

१०. १९९१चा कोराच कप कोणाविरुद्ध? आणि दोन मॅचची फायनल म्हणजे काय?

रिअल माद्रिदविरुद्ध. कोराच कपची फायनल तेव्हा एक मॅच घरी आणि एक बाहेर अशी असायची आणि दोन्हीचे पॉइंट एकत्र धरायचे. समजा बाहेर तुम्ही ४ने हरलात, तर घरी नुसतं जिंकून भागत नाही, ५ने जिंकायला लागतं. म्हणून शेवटच्या मिनिटात हरणारी टीमसुद्धा जीव तोडून खेळते, कारण तो एक बास्केट पुढच्या आठवड्यात कामाला येतो. मला हा प्रकार फार आवडायचा. मार्झोरातीचा हा शेवटचा सीझन, आणि कांतूची युरोपातली ही आत्तापर्यंतची शेवटची ट्रॉफी.

११. मार्झोराती ५४व्या वर्षी खेळला हे खरं आहे का?

खरं आहे. २००६ला क्लबला ७० वर्षं झाली म्हणून लीगच्या खऱ्या मॅचमध्ये, त्रेविझोविरुद्ध, त्याला थोडा वेळ कोर्टवर उतरवलं होतं. तो सन्मान होता, पुनरागमन नाही. पण मॅच अधिकृत होती, त्यामुळे नोंद झाली ती झालीच.

१२. नंतर युरोलीगमध्ये कांतू कधीच नव्हतं का?

होतं. आंद्रेआ त्रिंकिएरी कोच असताना २०११ला टीम इटालियन लीगच्या फायनलपर्यंत गेली, सिएनाकडून हरली, पण त्या जोरावर २०११-१२ची युरोलीग मिळाली आणि तिथे टॉप १६पर्यंत मजल मारली. पुढच्या वर्षी पात्रता फेरी जिंकून परत आत. त्यानंतर नाही.

पण तेव्हाच दुखणं उघडं पडलं. कांतूचं तेव्हाचं घर म्हणजे पियानेल्ला, शेजारच्या कुचागो गावातला हॉल, जेमतेम ३,९०० जागा. युरोलीगला ते चालत नव्हतं, म्हणून युरोपातल्या मॅच देझिओला, मिलानच्या दिशेला खाली, मोठ्या हॉलमध्ये. म्हणजे गावाने कमावलेली युरोलीग गावाला दुसऱ्या गावात जाऊन बघायला लागली.

१३. मग नवीन स्टेडियम का बांधत नाहीत?

हे विचारलं की इथल्या माणसांचा चेहराच बदलतो. प्रयत्न झाले, एकदा नाही. जुन्या काळी कोर्सो एउरोपा रस्त्यावर मोठ्या हॉलचं काम काढलं, ते रखडलं, अर्धवट काँक्रीटचा सांगाडा वर्षानुवर्षं उभा राहिला, लोकांनी त्याचं नाव पालाबाबेले पाडलं, आणि शेवटी तो पाडून टाकला. मग २०१५ला रशियन उद्योजक दिमित्री गेरासिमेंको यांनी क्लब घेतला. पियानेल्ला नव्याने करायचं ठरलं, टीम २०१६ला तिथून बाहेर पडली, आणि तेही काम पूर्ण झालं नाही. त्यामुळे लीगच्या मॅचही देझिओला गेल्या. आता कोर्सो एउरोपाच्या त्याच जागेवर नवीन अरेनाचा प्रकल्प आहे.

पियानेल्लात पहिली रांग कोर्टला इतकी चिकटून असायची की साइडलाइनवरून बॉल आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीशी प्रेक्षकांचे गुडघे. पाहुण्या टीमला तिथे खेळायला अजिबात आवडायचं नाही. देझिओचा हॉल वाईट नाही, मोठा आहे, दिसतंही नीट, पण तो कांतूचा नाही. माझं स्पष्ट मत आहे की गावात हॉल असणं हे एखाद्या स्टार खेळाडूपेक्षा जास्त मोलाचं आहे, तिकिटाचे पैसे, शाळकरी पोरांचं सायकलवरून प्रॅक्टिस बघायला येणं, सगळं त्यावर आहे.

१४. क्लब बुडाला होता असं ऐकलं, खरं काय?

बुडाला नाही, बुडता बुडता वाचला. २०१९च्या सुरुवातीला गेरासिमेंको बाहेर पडले आणि तुत्ती इन्सिएमे कांतू या स्थानिक गटाने, म्हणजे गावातल्या-परिसरातल्या उद्योजकांनी आणि समर्थकांनी मिळून, क्लब हातात घेतला. तरी २०२१ला टीम खालच्या ए-२ लीगमध्ये गेली. तिथे चार वर्षं गेली, वर यायची संधी हुकत राहिली, आणि २०२५ला कोच निकोला ब्रिएन्झाच्या टीमने रिमिनीला फायनलमध्ये हरवून परत वरची लीग मिळवली. खाली जायची ही पहिली वेळ नव्हती, १९९०च्या दशकातही कांतू एकदा खाली जाऊन परत आलं होतं.

१५. आता लीग जिंकली तर युरोलीग मिळेल का?

आपोआप नाही. १९८२ला हिशोब सरळ होता, देशात पहिले या आणि युरोप खेळा. २०००ला क्लबांनी फिबापासून वेगळी युरोलीग काढली, आणि आता तिथल्या बऱ्याचशा जागा काही वर्षांच्या लायसन्सवर आधीच दिलेल्या असतात. इटलीतून मिलानो आणि बोलोन्या आहेत. उरलेल्या जागांसाठी मोठा हॉल, मोठं बजेट, मोठी बाजारपेठ बघतात. ४० हजारांच्या गावाला हे जमणं फार अवघड, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. ज्या स्पर्धेचा इतिहास कांतूने घडवला तिथे देशातली लीग जिंकून पोचायचा सरळ रस्ताच उरलेला नाही.

युरोप खेळायचा रस्ता आहे तो फिबाच्या चॅम्पियन्स लीगचा. ती २०१६ला सुरू झाली आणि तिथे देशातल्या लीगमधली जागा अजून मोजली जाते. स्पेनच्या मान्रेसाचं उदाहरण घ्या, कांतूच्या साधारण दुप्पट एवढंच शहर, आणि २०२२ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत पोचलं, तेनेरिफेकडून हरलं. लहान गावाने युरोप खेळायचं ते असं. पण आधी पहिल्या लीगमध्ये टिकायला हवं, कारण आठवड्याला दोन मॅच आणि प्रवास यात छोट्या टीमचे खेळाडू जानेवारीपर्यंत थकून जातात आणि लीग हातची जाते. घाई करू नये असं माझं म्हणणं आहे.

१६. कांतूसारखी आणखी गावं आहेत का?

आहेत. फ्रान्समधलं ऑर्तेझ तर जेमतेम १० हजारांचं, त्यांनी १९८४ला कोराच कप जिंकला, पण पुढे क्लब जवळच्या पो शहरात गेला आणि पो-ऑर्तेझ झाला. जर्मनीतलं बाम्बेर्ग, २००५ ते २०१७ या काळात अनेकदा जर्मन चॅम्पियन आणि युरोलीगमध्येही खेळलेलं. ऑर्तेझचं जे झालं ते कांतूचं झालं नाही याचं मला फार कौतुक वाटतं. मॅच देझिओला गेल्या, क्लब गेला नाही.

१७. मॅच बघायला जायचंय, कसं जाऊ?

मॅच बघायची तर देझिओ. मिलानहून कोमोच्या दिशेने जाणारी एस-११ लोकल देझिओला थांबते. कांतू गाव बघायचं असेल तर स्टेशनच्या नावांकडे लक्ष द्या: एस-११वर कांतू-चेर्मेनाते आहे, ते गावापासून लांब, पुढे बस किंवा पायपीट. नुसतं कांतू नावाचं स्टेशन कोमो-लेक्को या दुसऱ्याच लाइनवर आहे. निम्मे लोक इथेच चुकतात. वारेसे किंवा मिलानोविरुद्धची मॅच असेल तर तिकीट आधीच काढा, आणि पाहुण्या टीमचा शर्ट घालून घरच्या समर्थकांच्या स्टँडमध्ये बसू नका. रंग पांढरा-निळा.

१८. ब्रियान्तेआ-८४ कांतू पण याच क्लबचा भाग आहे का?

नाही, तो वेगळा क्लब, व्हीलचेअर बास्केटबॉलचा, १९८४ला सुरू झालेला. इटलीचे चॅम्पियन अनेकदा झालेत आणि युरोपातही खेळतात. निकाल शोधताना कांतू टाकलं की दोघांचे आकडे एकत्र येतात, तेवढं बघून घ्या. आणि जमलं तर त्यांचीही एक मॅच बघा, खुर्च्या एकमेकांवर आदळतात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो.